चाबुकस्वाराची करुणा

मराठीत घोड्याला चाल शिकवणाऱ्या माणसाला चाबुकस्वार म्हणतात. खरारा करणारा मोतद्दार, औषधपाणी पाहणारा साळोत्री आणि घोडा फेरून त्याला स्वारीच्या उपयोगाचा करणारा चाबुकस्वार अशी जुन्या पागेतील कामांची वाटणी होती, आणि तिच्यात शिक्षकाच्या वाट्याला आलेल्या नावातच चाबूक येऊन बसला आहे. शिकवणे आणि मारणे या दोन क्रिया भाषेनेच इतक्या जवळ आणून ठेवल्या असतील, तर धर्मविचाराला एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या प्राण्याजवळ ‘नको’ म्हणण्यासाठी शब्द नाही, त्याला आपल्या इच्छेप्रमाणे वागायला शिकवणे करुणेच्या तत्त्वात बसते काय, की अशा वेळी करुणा म्हणजे चाबकाला गुंडाळलेले एक मऊ फडके एवढेच उरते? हा प्रश्न फौजेच्या किंवा शर्यतीच्या घोड्यापुरता नाही. हौसेने आठवड्यातून एकदा रिकिबीत पाय घालणाऱ्यालाही तो लागू आहे आणि बैलाच्या धुरेवर बसणाऱ्यालाही.

भंडारा जिल्ह्याच्या भूमीवर हा प्रश्न परका वाटत नाही, कारण अहिंसेचा विचार करणाऱ्या दोन परंपरा या वैनगंगाकाठी नांदून गेल्या आहेत. पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवरचा बौद्ध स्तूप उजेडात आला आणि मौर्य-सातवाहन काळात हे नगर बौद्धांचे महत्त्वाचे केंद्र होते हे स्पष्ट झाले. त्या परंपरेच्या पाली वाङ्मयात बुद्धाला ‘पुरिसदम्मसारथि’ असे विशेषण आहे. दमन करण्याजोग्या, म्हणजे वळण लावण्याजोग्या माणसांचा सारथी, असा त्याचा अर्थ. सारथी हा घोड्यांचा असतो, आणि म्हणूनच अंगुत्तर निकायातील केसी सुत्तात घोडे शिकवण्याचा धंदा करणारा केसी नावाचा माणूस जेव्हा बुद्धापुढे येऊन बसतो, तेव्हा एका अर्थाने दोन समव्यवसायी समोरासमोर आलेले असतात.

बुद्ध त्याला विचारतो की तू घोडा कसा शिकवतोस. केसी सांगतो की काहींना मृदूपणाने, काहींना कठोरपणाने आणि काहींना दोन्ही रीतींनी. यांपैकी कशानेच न वळणारा घोडा आढळला तर, असे विचारल्यावर तो आडपडदा न ठेवता उत्तर देतो की त्याला मारून टाकतो, कारण तसे न केल्यास गुरुकुलाची अपकीर्ती होईल. मग केसी तोच प्रश्न उलटून विचारतो आणि बुद्धही तेच चार मार्ग सांगतो. तथागताला प्राणिहत्या वर्ज्य असताना तो ‘वध’ कसा करील, या केसीच्या शंकेवर मिळालेले उत्तर या संवादाचा गाभा आहे. जो कोणत्याही रीतीने वळत नाही, त्याला तथागत बोलण्यास आणि उपदेशास योग्य मानीत नाही, आणि या धर्मविनयात, म्हणजे या शिकवणुकीच्या शिस्तीत, तोच वध होय.

या संवादाचा नेहमीचा अर्थ माणसाच्या बाजूने लावला जातो आणि घोडा उपमेपुरता उरतो. कठोपनिषदातील रथाच्या रूपकातही तसेच घडले आहे. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे अशी ती मांडणी असून तिच्यात घोडा म्हणजे केवळ आवरून धरण्याची एक ओढ आहे. त्याला भूक नाही, भीती नाही, थकलेली पाठही नाही. भारतीय तत्त्वज्ञानाने घोड्याकडून हजारो वर्षे उपमा उसनी घेतली आणि त्या उपमेखाली उभ्या असलेल्या प्राण्याची विचारपूस क्वचितच केली, हे एक न फेडलेले ऋण आहे. केसी सुत्त उलट बाजूने, म्हणजे घोड्याच्या बाजूने वाचले, तर त्या ऋणाचा थोडा भाग फिटू शकतो.

तसे वाचू लागताच दोन गोष्टी पुढे येतात. पहिली अशी की बुद्धाने सांगितलेला कठोर मार्ग प्रत्यक्षात कोठेही हात उगारीत नाही. मृदू मार्गात सदाचार आणि त्याचे फळ सांगितले जाते, कठोर मार्गात दुराचार आणि त्याचे फळ सांगितले जाते. दोन्ही सांगणेच आहे. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. संवाद थांबणे हाच जर वध असेल, तर ज्या क्षणी स्वार घोड्याला बोलण्याजोगा आणि ऐकण्याजोगा मानणे सोडतो, त्या क्षणी तो घोडा त्याच्यापुरता मेलेला असतो, मग तो चार पायांवर उभा असो आणि सांगितल्याबरोबर चालत असो. शिक्षणातील हिंसा वळ किती उठले यावरून मोजण्याची सवय आहे. हे सुत्त त्याहून वेगळे माप हाती देते. प्राण्याच्या उत्तराला जागा उरली आहे की नाही, हे ते माप.

आता हे उत्तर कसे असते ते पाहिले पाहिजे, कारण येथेच धर्मविचार आणि घोड्याच्या स्वभावाचे ज्ञान एकमेकांना भेटतात. घोडा हा पळून जीव वाचवणारा, कळपाने राहणारा प्राणी आहे. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला सभोवारचे जवळजवळ ३५० अंश दिसते, परंतु अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही, म्हणून समोरून एकदम कपाळाकडे आलेला हात त्याला मायेचा न वाटता अचानक उगवलेला वाटतो. त्याची कातडी इतकी जागी असते की एक माशी बसली तरी नेमक्या तेवढ्याच जागेचे कातडे थरथरून ती उडवून लावते. ज्या त्वचेला माशीचे वजन कळते तिला टाचेचा नुसता स्पर्श कळणार नाही असे मानून टाच हाणीत राहणारा स्वार आपल्याच अज्ञानाची शिक्षा घोड्याला देत असतो.

अंगुत्तर निकायातच पतोद सुत्त नावाचे आणखी एक प्रवचन आहे. पतोद म्हणजे हाकण्याची अणकुचीदार काठी, मराठीतील पराणी. विदर्भात तिलाच तुतारी म्हणतात आणि तिच्या टोकाच्या खिळ्याला आर. या सुत्तात उत्तम घोड्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. एक पराणीची सावली पाहूनच समजतो, दुसरा ती केसांना लागल्यावर, तिसरा कातडीला लागल्यावर आणि चौथा हाडापर्यंत पोचल्यावर. सुत्तात ही प्रतवारी घोड्यांची आहे आणि तिच्याद्वारे माणसांची. परंतु घोड्याच्या तोंडात बोट घालून पाहिले तर ही प्रतवारी स्वारांची आहे असे म्हणावे लागते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तेथे लगामाचे कडियाळे, म्हणजे तोंडातील लोखंडी दांडा, बसतो. तेथे हिरडीचा पातळ पडदा आणि त्याच्या लगेच खाली जबड्याच्या हाडाची धार असते. सावली, केस आणि कातडी या तिन्ही पायऱ्या तेथे जवळपास नाहीतच. लगामाला हिसडा देणारा माणूस पहिल्याच शब्दाला हाडावर जाऊन पोचतो, आणि कडियाळ्याला काटे असतील तर त्या पोचण्याला रक्ताची साक्षही मिळते.

मग शिकवायचे कशाने? अश्वविद्येचे उत्तर असे की घोडा ओढीतून शिकत नाही, ओढ सुटण्यातून शिकतो. हलका दाब द्यावा, घोड्याने योग्य दिशेला जरासा विचार केलेला दिसताच, म्हणजे कान वळताच किंवा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताच, तो दाब त्याच क्षणी काढून घ्यावा. या रीतीत दाब आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तो संपवण्याची किल्ली घोड्याच्या हाती दिलेली आहे, त्यामुळे दाबाचे रूपांतर प्रश्नात होते आणि घोड्याच्या हालचालीचे उत्तरात. सुटका एका क्षणाने उशिरा झाली तर उत्तर हरवते. ती झालीच नाही तर घोडा दोनपैकी एक मार्ग धरतो. एकतर तो भांडतो आणि त्याला ‘खोडीचा’ म्हणतात, नाहीतर तो आतून गप्प होतो. १९६७ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवून दिले की काहीही केले तरी त्रास थांबत नाही असा अनुभव घेतलेला प्राणी पुढे सुटकेची वाट उघडी असतानाही बहुधा प्रयत्न करीत नाही. या अवस्थेला शिकलेली असहायता असे म्हणतात. अशा घोड्याचे कान ढिले, नजर जवळच कोठेतरी थांबलेली, टाच कितीही मारली तरी चाल तीच असते. लोक त्याला कौतुकाने ‘गरीब’ म्हणतात. केसीने ज्याला मारले असते त्याहून हा वेगळा आहे खरा, परंतु बुद्धाच्या मापाने पाहता त्याचा वध झालेला आहे, आणि तो करणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

लोकव्यवहाराला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, या तीन प्रश्नांना एकच उत्तर मागणारे जुने कोडे मराठी घरांत मुलांना घातले जाते, आणि उत्तर असते, फिरवले नाही म्हणून. अडलेल्या घोड्याचा दोष हे कोडे घोड्याच्या खात्यावर मांडीत नाही. तो ज्याच्या हातात होता त्याच्या खात्यावर मांडते. अश्वशास्त्राच्या संस्कृत परंपरेतही भलत्या जागी, भलत्या वेळी मारलेल्या घोड्याला नवे दोष जडतात असा इशारा आहे.

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या या धान पिकवणाऱ्या प्रदेशात, घोड्यापेक्षा बैलाचे नाते दाट आहे आणि तेथे हाच प्रश्न शंकरपटाच्या रूपाने उभा राहतो. शंकरपट म्हणजे हिवाळ्यात भरणारी बैलजोड्यांची शर्यत. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी तिची परंपरा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा बदललेला कायदा वैध ठरवला. या वादात एक बाजू संस्कृतीचे आणि दुसरी क्रूरतेचे नाव घेत राहिली, परंतु दोन्ही बाजूंनी बैल आणि धुरकरी यांच्यामध्ये काय चालते याकडे पुरेसे पाहिले नाही, असे म्हणणे भाग आहे. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ मध्ये झालेल्या नियमांनी हाकण्याची अणकुचीदार काठी आणि काटेरी कडियाळे दोन्ही तेव्हाच वर्ज्य केली होती. म्हणजे तुतारीच्या आरेचा निकाल पटाच्या वादाच्या कितीतरी आधी लागलेला होता. आर काढून टाकल्यावर जी जोडी हाकेवर धावते तिचा पट आणि शेपूट पिरगाळल्याशिवाय जी हलत नाही तिचा पट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि धर्मदृष्ट्या त्यांना एकाच नावाने ओळखणे चूक आहे.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. दाब कितीही हलका असला आणि सुटका कितीही तत्पर असली, तरी पाठीवर खोगीर घालण्याची संमती घोड्याने दिलेली नाही. हा आक्षेप भंडाऱ्याशी जोडलेल्या दुसऱ्या परंपरेतून फार नेमकेपणाने मांडता येतो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे एक निकटचे अनुयायी नीळभट हे याच भंडाऱ्याचे, म्हणून लीळाचरित्रात ते भांडारेकार या नावाने येतात. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात संकलित केलेल्या त्या ग्रंथात पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा एक ससा चक्रधरांच्या मांडीखाली शिरतो. पारधी तो मागतात, चक्रधर शरण आलेल्याला देण्याचे नाकारतात आणि पारधी गेल्यावर सशाला जाऊ देतात. ससा आला आपल्या इच्छेने आणि गेलाही आपल्या इच्छेने. त्याला बांधले नाही, शिकवले नाही, कामाला लावले नाही. या लीळेच्या शेजारी ठेवल्यावर उत्तमात उत्तम चाबुकस्वाराची करुणाही उणी पडते, हे मान्य केले पाहिजे.

मान्य करूनही घोडा सोडून देणे हा त्यावरचा मार्ग ठरत नाही. आजच्या पाळीव घोड्याचा वंश सुमारे ४,२०० वर्षे माणसाच्या सोबतीने घडला आहे, आणि त्याला आज मोकळे सोडणे म्हणजे बहुधा रस्त्यावर, वाहनांच्या आणि उपासमारीच्या स्वाधीन करणे होय. तेव्हा नाते तोडता येत नाही आणि ते पूर्ण निर्दोषही करता येत नाही. अशा स्थितीत सशाची लीळा आदेश म्हणून न वाचता कसोटी म्हणून वाचावी लागते. या घोड्याची दोरी सोडली तर तो निघून जाईल, की जवळ येऊन उभा राहील? रोजच्या स्वाराला ही कसोटी मोकळ्या आवारात केव्हाही घेता येते आणि तिचे उत्तर खोटे बोलत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी जुवाने घासलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकण्याची, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्याला रीतसर आवतण देण्याची जी रीत विदर्भात आहे, तिच्यातही हीच जाणीव आहे की घेतलेल्या कामाची काही बाकी राहिलेली असते. खांदशेकणी ती बाकी फेडीत नाही. बाकी आहे एवढे मात्र ती वर्षातून एकदा हाताने चाचपून पाहते.

घोड्यासाठी दसऱ्याला झेंडूची माळ आहे, परंतु जिल्ह्यातील बहुतेकांची घोड्याशी गाठ पडते ती लग्नाच्या वरातीत. वैशाखाच्या दिवसांत येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तापमान ३७ अंशांवर असताना दुपारी १२ ते ३ या वेळात जनावराला कामाला लावू नये असे १९६५ चे तेच नियम सांगतात, म्हणून वरात उन्हे उतरल्यावर निघते हे ठीकच आहे, पण तापलेला डांबरी रस्ता, कानाशी लागलेले भोंगे आणि पायांजवळ फुटणारे फटाके संध्याकाळीही तेथेच असतात. नवरदेवाला घेऊन चालणारी घोडी त्या गर्दीत क्वचितच उधळते, आणि लोक तिला गरीब म्हणतात. नवरदेव मांडवापाशी उतरतो, भोंग्यांचा आवाज मागे राहतो, आणि धनी कडेच्या अंधारात तिच्या तोंडातील कडियाळे काढून हातात धरतो. घोडी काही क्षण तशीच उभी असते, मग तिचा जबडा सैल पडतो, ती ओठ चाटते, मान खाली घालून दीर्घ श्वास सोडते, आणि धन्याने हाक मारण्याआधी तिचा एक कान त्याच्याकडे वळतो किंवा वळत नाही.