काटकसर कोणाच्या ताटातून?

परमार्थाच्या मासिकात वाण्याच्या यादीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, का नको? वारकरी पंथ घर टाकून रानात जाणाऱ्यांचा नव्हे; शेत नांगरून, दुकान चालवून, चूल सांभाळून नाम घेणाऱ्यांचा आहे. महिन्याची वीस तारीख उलटली, डब्यांचा तळ दिसू लागला, दुकानदाराकडची उधारी वाढली, म्हणजे हातात टाळ असला तरी डोक्यात तेलाचा भाव असतो. प्रपंच नेटका नसेल तर भजनातही मन लागत नाही, हा ज्याचा त्याचा अनुभव आहे. तेव्हा किराण्याचा हिशोब हा परमार्थाच्या आड येणारा विषय नाही. तो परमार्थाच्या उंबरठ्यावरचाच विषय आहे.

काटकसर करा, असे सगळेच सांगतात. पण काटकसर हा नेहमीच सद्गुण असतो काय? कृपणही पैसा वाचवतो आणि जाणती गृहिणीही पैसा वाचवते. दोघांच्या वहीत महिनाअखेरीचा आकडा कदाचित सारखाच निघेल. मग दोघांत फरक कशाचा? आमच्या मते तो फरक आकड्यात सापडणार नाही. वाचलेला पैसा कोणाच्या वाट्यातून निघाला आणि कोणाच्या कामी आला, हे पाहिल्यावरच तो कळतो. आज वाचकांपुढे एवढाच विचार मांडायचा आहे.

आधी पैसा जातो कुठे, ते पाहू. २०२३-२४ साली सरकारने देशभर घरखर्चाची पाहणी केली. तीत असे दिसले की खेड्यातले कुटुंब शंभर रुपये खर्चते तेव्हा त्यातले सुमारे ४७ रुपये खाण्यापिण्यावर जातात. शहरात सुमारे ४० जातात. यात नवल काही नाही. नवल पुढेच आहे. ज्वारी, गहू, तांदूळ अशा धान्यावर शंभरातले सुमारे ५ रुपये खेड्यात आणि ४ रुपये शहरात जातात. पण चहापाणी, फरसाण, बिस्किटे, तयार पदार्थ आणि बाहेरचे जेवण यांवर मात्र खेड्यात जवळजवळ १० आणि शहरात ११ रुपये! धान्याचा आकडा इतका लहान दिसण्याचे एक कारण रेशनचे धान्य हेही आहे, ते विसरू नये. तरी पण पोट ज्याने भरते त्याच्या खेड्यात जवळजवळ दुप्पट आणि शहरात दुपटीहून अधिक पैसा, ज्याने नुसती जीभ हलते त्यावर जातो, हे खरेच आहे. महागाईच्या नावाने बोटे मोडण्याआधी एवढे तरी आपण पाहावे की नाही?

म्हणून पहिला उपाय म्हणजे वही. एक महिनाभर काही कमी करू नका, नुसते लिहा. चहाची टपरी लिहा, पोराच्या हातातला पुडा लिहा. रोज दहा रुपयांचा एक पुडा म्हटला तर वर्षाचे ३,६५० रुपये झाले. एवढ्यात घराला कितीतरी दिवस पुरेल इतकी डाळ येते. लिहिल्यावाचून हे दिसत नाही, आणि दिसल्यावर कोणी उपदेश करावा लागत नाही.

दुसरा उपाय जुनाच आहे. दुकानात जाण्याआधी घरचे डबे उघडून पाहावेत. जे आहे ते यादीत लिहू नये. आठवड्याच्या बाजारी जी भाजी स्वस्त आणि ताजी तीच आणावी. आधी पदार्थ ठरवून मग महागाची भाजी शोधू नये. ज्वारी, बाजरी, गहू घेऊन गिरणीवर दळून आणावेत. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, छापील पाकिटातल्या धान्यावर, डाळीवर आणि पिठावर ५ टक्के कर बसतो. सुट्या मालावर तो नाही. सुटा माल निवडून मात्र घ्यावा लागतो. उन्हाळ्यात ऐपतीप्रमाणे धान्य भरावे, त्याला कडक ऊन द्यावे, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावे. हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

आणि रांधणे? मूठभर मटकी रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात बांधली की मोड येऊन दुपटीहून अधिक होते. पिठले-भाकरी, वरण-भात, थालीपीठ ही गरिबीची जेवणे म्हणून नाक मुरडू नये. अंग बांधणारे जे सत्त्व धान्यात कमी असते ते डाळीत असते, आणि डाळीत कमी असते ते धान्यात. दोन्ही एका ताटात आली म्हणजे पुरेपूर होते. दोडक्याच्या शिरांची चटणी, आंबट ताकाची कढी, उरलेल्या पोळीचा कुस्करा यांची चव कोणी विसरले आहे काय? फक्त एक जपावे. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेला भात काटकसरीच्या नावाखाली कोणाला वाढू नये. दहा रुपये वाचवून डॉक्टरचे बिल भरण्यात शहाणपण नाही.

अन्न टाकून देणे हा तर सर्वांत महाग पदार्थ. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०२४ साली जो अंदाज दिला त्याप्रमाणे आपल्या देशात घराघरांतून दरवर्षी दरमाणशी सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांच्या घरी असे व्हावे, हे बरे दिसत नाही.

इथे उपवासाविषयीही बोलले पाहिजे. महिन्यातून दोन एकादश्या येतात. उपवास म्हणजे जिभेला आवरणे आणि नामाला वेळ देणे. पण आज अनेक घरांत एकादशी आली की यादी लांबते. साबुदाणा, बटाट्याचा कीस, फराळी चिवडा, तुपातले वेफर! साबुदाणा हा तर कसावाच्या कंदाचा नुसता पिठूळ भाग. त्यात अंगाला लागणारे फारसे काही नाही. ज्या दिवशी जेवायचे नाही त्याच दिवशी खर्च वाढला, तर उपवास कोणी केला आणि कमाई कोणाची झाली? थोडी वरी, रताळे, राजगिरा, ताक एवढ्यावर दिवस निभतो.

१९६५ साली देशात धान्याची टंचाई होती तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडा, असे लोकांना आवाहन केले, आणि घरोघर सोमवारची संध्याकाळ पाळली गेली. त्या उपवासात एक गोष्ट स्पष्ट होती. आपण सोडलेला घास दुसऱ्याच्या मुखी जावा म्हणून तो सोडायचा. आणि सोडायचा तो स्वतःचा. दुसऱ्याचा घास सोडून कोणाला पुण्य लागत नाही!

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. घरातली बचत पुष्कळदा एकाच ताटातून होते, आणि ते ताट शेवटी वाढले जाते. सगळ्यांची जेवणे झाल्यावर भाजीची खरवड आणि उरलेली अर्धी भाकरी घेऊन जी बसते ती घरची माउली. कोणी विचारलेच तर म्हणते, "मला भूकच नाही हो." हे तिचे बोलणे आपण खरे मानतो, कारण ते खरे मानणे आपल्याला सोयीचे असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याची कारणे अनेक असतील. पण शेवटी जेवणे आणि उरलेसुरले खाणे यांनी ते भरून येणार नाही, एवढे कळायला वैद्य कशाला हवा? असा पैसा वहीत जमेच्या बाजूला दिसतो खरा. वास्तविक ते तिच्या अंगावरचे कर्ज असते.

तेव्हा ज्या घरी काटकसर चालू आहे तिथे आधी एक नियम करावा: सगळ्यांनी एकत्र बसावे, आणि भाजी-आमटी आधीच सारखी वाटून घ्यावी. पालेभाजी, बाजरी, अळीव, गूळ-शेंगदाणे यांत कात्री लावू नये. भाजीवर लिंबू पिळावे. जेवणाला लागूनच चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. लोखंडी कढई माळ्यावर असेल तर खाली काढावी. यात खर्च कितीसा आहे?

दुसरा प्रश्न हातांचा. "बाहेरचे बंद, आता सगळे घरीच करायचे," असे म्हणणे सोपे आहे. करायचे कोणी? २०१९ साली सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. तीत दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, त्यात जातात. पुरुषाचे ९७ मिनिटे. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ च भरले. पापड, भाजणी, मोड, दळण हे सारे या पाच तासांवर आणखी लादून जी बचत होते ती फुकटची नाही. कोणाच्या तरी झोपेतून, कोणाच्या तरी हरिपाठाच्या वेळातून ती आलेली असते. वारीत पंगत बसली म्हणजे पुरुष मंडळी आनंदाने वाढायला उभी राहतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मग घरीच का वाटावा? ज्याला घरचे खायचे आहे त्याने भाजी निवडावी, दळण आणावे, ताटे घासावीत. न जमले तर कधीमधी बाहेरून आणलेली भाकरीसुद्धा चालेल. थकलेल्या जीवाला विसावा देणारा खर्च उधळपट्टीत धरू नये.

तिसरा प्रश्न घराबाहेरचा. वर्षाचे धान्य एकदम भरा, मोठा डबा घ्या, हा सल्ला खिशात रक्कम असणाऱ्याला लागू आहे. रोजंदारीवरच्या माणसाला संध्याकाळी मिळालेल्या पैशातच पावशेर तेल आणि दोन दिवसांचे पीठ घ्यावे लागते, आणि थोडे थोडे घेणाऱ्याला प्रत्येक वस्तू महागच पडते. त्याला काटकसर शिकवणे म्हणजे जखमेवर मीठ. त्याच्यासाठी करण्याजोगे वेगळे आहे. त्याची मजुरी वेळेवर द्यावी. बचत गटातल्या दहा जणींनी मिळून पोते घेऊन वाटून घेतले, तर घाऊकाचा भाव त्यांनाही मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवून दिले आहे, आणि २०२३ पासून ते फुकट आहे. कार्डात नाव नसल्याने कोणाचा हा हक्क बुडत असेल तर साक्षराने त्याचा अर्ज भरून द्यावा; हीही सेवाच आहे. आणि भाजीवालीशी मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करून आपण जिंकलो असे मानतो, तेव्हा ती बचत तिच्या पोरांच्या ताटातून आली नाही ना, एवढे मनाला विचारावे. मोठ्या दुकानात छापील किमतीपुढे आपण कसे मुकाट असतो!

इथे आम्हांला देहूच्या दुकानाची आठवण होते. तुकोबारायांच्या घरी वाणीपणाचा वडिलोपार्जित धंदा होता. १६३० च्या सुमाराला दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला, त्यात घर उद्ध्वस्त झाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे, चरित्रकार सांगतात, लोकांकडच्या येण्याच्या खतांचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले. ही कथा सर्वांना माहीत आहे. पण तिच्यातली एक बारीक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. कागद बुडवण्याआधी त्यांनी त्यांचे दोन भाग केले. धाकट्या भावाचा भाग भावाला दिला आणि बुडवला तो आपलाच. भावाच्या पैशावर महाराजांनी उदारपणा केला नाही! त्याग असो की काटकसर, आपल्या वाट्यात करावी ती ही अशी.

कोणी म्हणेल, आणि आवलीचे काय? तिचा वाटा कोणी विचारला? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळू नये. रिकामे मडके पाहून बोलणाऱ्या त्या बाईला कजाग म्हणून पिढ्यानपिढ्या लोक हसत आले; पण पोरांच्या तोंडी घास कसा पडावा ही चिंता तिने वाहिली, आणि पतीसाठी भाकरी घेऊन डोंगर चढली ती तीच. संतांचा त्याग आपल्याला पेलणारा नाही; निदान त्यांच्या घरच्या माणसाचा भार तरी ओळखावा, आणि आपल्या घरातल्या तशा माणसाचा हलका करावा.

तात्पर्य, हिशोब अवश्य लिहा, यादी आखडती घ्या, घरी रांधा, अन्न टाकू नका. जे वाचेल त्यातून आधी घरच्या अशक्ताचे दूध वाढवा, मग दारी येणाऱ्याला भाकरी ठेवा, त्यापुढचे अडीअडचणीला बाजूला टाका. मात्र महिनाअखेरीला बेरीज मारण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, आणि शेवटी जेवणारीला सर्वांत आधी, एवढे विचारा: "या महिन्यात तुला काही कमी पडलं का?" उत्तर देताना ती क्षणभर थांबली, तर बेरीज चुकली आहे असे समजावे आणि पुढच्या महिन्याची यादी तिच्यापासून सुरू करावी.