कायदा, संस्कार आणि आपण



कायदा पाळावा, असे आपण मुलांना शिकवतो. पण कायदाच अन्यायी असेल तर?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात १९४७ साली आंद्रेया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस या दोघा कॅथलिकांपुढे हा प्रश्न उभा राहिला. आंद्रेया मेक्सिकन वंशाची, पण सरकारच्या लेखी गोरी. सिल्व्हेस्टर कृष्णवर्णीय. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने अशा लग्नाला बंदी होती. त्यांना परवाना नाकारण्यात आला.

त्यांचे वकील डॅनियल मार्शल हेही कॅथलिक होते. त्यांचा मुद्दा साधा होता: ख्रिस्तसभा वंश पाहून विवाहसंस्कार नाकारत नाही, मग सरकारने तो अडवणे हा धर्मस्वातंत्र्यावर घाला नव्हे काय? १ ऑक्टोबर १९४८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती बंदी रद्द ठरवली. न्यायमूर्ती ट्रेनर यांनी समान हक्कांवर भर दिला. न्यायमूर्ती एडमंड्स यांनी धर्मस्वातंत्र्याचा आधार घेतला. त्यांचे ते एक मत नसते, तर निकाल फिरला असता. सबंध अमेरिकेतील असे कायदे रद्द होण्यास मात्र १९६७ साल उजाडले.

संत थॉमस अक्वायनस सांगतात, की कायदा हा विवेकाला धरून आणि सर्वांच्या हितासाठी असावा. अन्यायी कायदा म्हणजे एक प्रकारची जबरदस्तीच. हे तत्त्व आम्ही सेमिनरीत शिकलो. त्या जोडप्याने ते कोर्टाच्या दारात नेऊन उभे केले.

एक गोष्ट मात्र आपल्याला बोचायला हवी. मार्शल यांनी धर्मप्रांताकडे पाठिंबा मागितला होता. तो मिळाला नाही. शिकवण अचूक होती, पण तिच्या बाजूने बोलण्याची वेळ आली तेव्हा अधिकारी गप्प राहिले.

आपल्याकडे जातीबाहेरच्या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. मिस्सावेळी विवाहाची घोषणा करताना आम्ही धर्मगुरू कोणाची जात वाचत नाही. तरी घरी जाताना प्रश्न येतोच, "मुलगा कोणत्या समाजातला?" काही घरांत त्या एका प्रश्नावर बोलणी मोडतात. आणि आम्ही धर्मगुरूही 'घरचा मामला' म्हणून गप्प बसतो.

ही अडवणूक कोणतेही कोर्ट रद्द करू शकत नाही. ती आपणच घातली आहे, काढायचीही आपणच. पुढच्या घोषणेच्या वेळी आपण त्या दोघांसाठी प्रार्थना करू या, आणि तो प्रश्न विचारणे टाळू या.