निश्चयी मातेचा विश्वास

(शास्त्रपाठ : २ तीमथ्य १:५, मत्तय १५:२१–२८)

भोर व वेल्हे या डोंगराळ मुलखात राजगड ज्यास ठाऊक नाही असे घर सापडावयाचे नाही. शहाजीराजे दूर कर्नाटकात असता जिजाबाईंनी पुत्राला वाढविले, आणि १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्यास गेले तेव्हा राज्याचा भार त्याच मातेच्या भरवशावर ठेवून गेले. तेव्हा पती दूर असता घर सांभाळणारी निश्चयी स्त्री कशी असते, हे या खोऱ्यांतील लोकांस निराळे सांगावयास नको. आज आम्ही आपल्या ख्रिस्ती मंडळीतील अशाच एका मातेचे स्मरण करीत आहो. तिच्यापाशी गड नव्हता. परंतु मन गडासारखे होते. त्या माता म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

नाशिकजवळील जलालपूर येथे, सोवळ्याओवळ्याच्या फार कडक घरात त्या वाढल्या. बालपणीच नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि अक्षरओळख झाली तीही पतीच्याच प्रयत्नाने. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. पतीवर त्यांचे प्रेम नव्हते असे नाही. पण जे आपल्या मनाला पटले नाही ते केवळ पतीने केले म्हणून करावे, हे त्यांना मान्य नव्हते. लहानग्या मुलाला घेऊन त्यांनी नातलगांच्या आश्रयाने वर्षे काढली. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या, त्याही आपले सोवळे घेऊनच आल्या.

मग जे घडले ते, उपदेशक बंधूंनो, आपण नीट ध्यानात घ्यावे. जातिभेद देवाने केलेला नाही, ही गोष्ट त्यांना कोणी वादात हरवून शिकविली नाही. स्वतः विचार करता करता त्यांच्या मनात उजेड पडला. आणि एकदा पटले म्हणताच त्यांनी कोणत्याही जातीच्या मनुष्याच्या हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. आपल्यांपैकी ज्यांच्या वाडवडिलांस पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांना या एका निश्चयाचे मोल कळेल. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांचा स्वतःचा होता. पतीच्या बाप्तिस्म्याची ती शेपटी नव्हती.

असे पाऊल मागे फिरत नाही. १९१९ साली टिळक प्रभूकडे गेले, त्या वेळी त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शाळेत न गेलेल्या या विधवेने त्याचे ६४ अध्याय रचले. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात तर त्यांनी आपल्या चुकांसही हसून वाट दिली. पतीशी झालेली भांडणेसुद्धा लपविली नाहीत. १९३६ साली नाशिक येथे त्यांचा अंत झाला. त्यांचे ग्रंथ मराठी घरांत अजून वाचले जातात.

आता आम्ही आपलाच एक दोष कबूल करितो. मंडळीची वही भरताना नवऱ्याचे नाव लिहून झाले, की त्याखाली बायकोचे व म्हाताऱ्या आईचे नाव आम्ही न विचारताच लिहीत आलो. एवढे घर प्रभूचे झाले असे म्हणून आनंद मानला. पण त्या घरातील म्हातारी चुलीपाशी गप्प बसली होती, तिच्या मनात काय आहे हे आम्ही विचारले नाही. एखादीने उलट प्रश्न केला, तर तिला हट्टी म्हटले.

कनानी स्त्रीनेही प्रभूला उलट उत्तर दिले होते. शिष्यांना ती नकोशी झाली. प्रभूने मात्र तिचे बोलणे ऐकून घेतले आणि तिचा विश्वास मोठा आहे असे म्हटले. तसेच तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता, घर एकमताचे नव्हते. तरी पौल त्या तरुणाच्या विश्वासाचे मूळ शोधतो ते त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्यात. आजीचा विश्वास खरा होता, म्हणूनच तो नातवापर्यंत पोहोचला. दुसऱ्याच्या धाकाने धरलेला विश्वास चुलीपासून उंबरठ्यापर्यंतही जात नाही. मुले तो तेव्हाच ओळखतात.

म्हणून बंधूंनो, तुमच्या घरात किंवा मंडळीत अशी कोणी बाई असेल, जिने अजून देव्हारा हलविला नाही, जी प्रार्थनेच्या वेळी दाराआड उभी राहते, तर तिला ओढू नका व टाकूनही देऊ नका. तिच्यापुढे ख्रिस्ताप्रमाणे वागा, तिचे प्रश्न ऐका, आणि वाट पाहा. लावणी केल्यावर रोप वर ओढून कोणी भात वाढवीत नाही. आणि भगिनींनो, देवाने तुम्हांस निश्चयी मन दिले असेल तर त्याची लाज बाळगू नका. ते त्याच्याच हाती द्या.

ज्या प्रभूने लक्ष्मीबाईंची पाच वर्षे वाट पाहिली, तो आपल्याही घरच्या माउलीची वाट पाहो, आणि आपणांस तितका धीर देवो. आमेन.