माहेरचा तुकडा

साक्री तालुक्यातल्या एक आजी नाशिकच्या इंदिरानगरात मुलाकडे राहायला आल्या. सामानात सगळ्यात मोठं होतं ते बोचकं : विरलेली लुगडी, धोतरं, बंड्या. सून बोहारणीची वाट बघत होती. निदान एक पातेलं तरी सुटलं असतं. आजींनी ते बोचकं उशाशी घेतलं.

मुलगा अंबडच्या कारखान्यात, नात शाळेत. आजी लिफ्टमध्ये अहिराणी बोलू लागल्या की नात जरा लांब सरके. दुपारी बोलायला कोणी नसे. मग आजींनी पार्किंगमध्ये चटई टाकली आणि गोधडी शिवायला घेतली.

सुई चालायला लागली की बायका थांबतातच. वॉचमनच्या नेपाळी बायकोने जुनी नायलॉनची साडी आणून दिली. ती सुईखाली सारखी निसटे. आजींनी तिला दोन सुती थरांच्या मधे घातलं आणि चहूबाजूंनी धावदोऱ्यात धरलं. शेजारच्या बांधकामावरच्या सुरगाण्याच्या बाईने फडकी दिली, सिवानच्या कामगाराने गमछा. कुणी कोरं कापड आणलं तर मात्र आजी परत करत. खळीच्या कापडात सुई अडते आणि ते अंगालाही टोचतं. धुऊन धुऊन जे मऊ झालं, त्याचीच ऊब लागते.

(उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांची अशीच 'कवंदी' शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. कित्येकांना तर गुलाम म्हणून आणलेलं. कलेच्या दालनात या कवंदी आता भिंतीवर टांगतात. आजींना हे सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग पांघरतात काय?)

सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरच्या काकू तेवढ्या लांबून बघत. शेवटी आजींनीच हाक मारून तुकडा मागितला.

"आमचा कशाला?" काकू म्हणाल्या. "हे सगळं बाहेरून आलेल्यांचं. आम्ही मूळचे नाशिकचे."

"तुनं माहेर कोठलं वं?"

"सिन्नर."

"मंग तू बी गावथीनच उनी ना, माय?"

काकूंकडे उत्तर नव्हतं. नातीला मात्र हसू फुटलं, कारण तिच्या आईचं माहेर चाळीसगावचं आणि आजीचं स्वतःचं पिंपळनेरचं. त्या चटईभोवती जमलेल्यांपैकी जन्मल्या घरी राहिलेली एकटी तीच होती. ती आजीशेजारी बसली आणि दोरा ओवून देऊ लागली.

दोन दिवसांनी काकू आईच्या लुगड्याचा काठ घेऊन आल्या. देताना बजावलं, "कडेला लावू नका, मधे लावा." आजींनी तो मधे लावला. नेपाळच्या साडीवर.

गणपतीत गोधडी मंडपात टांगली गेली. नंतर ती कोणाकडे राहणार यावर वाद झाला आणि थंडीत प्रत्येक घराने आठ-आठ दिवस पांघरायची असं ठरलं. वहीत पहिलं नाव काकूंचं आहे. वही सेक्रेटरींकडेच असते म्हणा.