पहिल्या मोटारसायकलीची निवड

अक्कलकोटाहून सोलापूर सुमारें ४० किलोमीटर. तेवढ्या वाटेला कोणतीहि मोटारसायकल पुरते. परंतु आपल्या पहिल्याच गाडीवरून लडाख गांठावयाचें जो तरुण मनांत आणतो, त्याची नजर बहुधा बुलेटवर जाते. दाराशीं ती शोभते, हें खरें. पण जवळजवळ २०० किलोंचें तें यंत्र ओढ्याच्या चिखलांत आडवें झालें, म्हणजे नवख्या एकट्याच्यानें उचलवत नाहीं.

१९५२ सालीं अर्नेस्टो गव्हेरा आणि त्याचा मित्र ग्रानादो जुन्या ५०० सी.सी. नॉर्टनवर अर्जेंटिनांतून निघाले. गाडीचें नांव ‘बलवती’ अशा अर्थाचें. ती चिलींत निकामी झाली! चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणींतले मजूर त्यांना भेटले ते त्यानंतर. मग गाडी मोडणेंच इष्ट, असें कोणी म्हणेल. मला तें पटत नाहीं. अवचित मिळालेलें साह्य निराळें. आपल्या हौसेचा भार वाटेवरच्या शेतकऱ्यानें हातचें काम टाकून उचलावा, हें गृहीत धरून निघणें निराळें. यांत नीतीचा प्रश्न नाहीं काय?

शंभर सी.सी.ची साधी गाडी ११०-११५ किलोंची असते. क्लचची वायर स्वतःला बदलतां येते, सुटे भाग तालुक्याच्या गांवींहि मिळतात. तिच्यावरून लडाख चार दिवस उशिरां येईल, इतकेंच.