वडिलांची लढाई कुणाच्या खात्यावर?

1942च्या सुमारास खटाव तालुक्यातली तरणी पोरं दोन वाटांनी घराबाहेर पडली. एक वाट वडूजला गेली. तिथे 9 सप्टेंबरला कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसं पडली. पुढे याच सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. दुसरी वाट गेली बेळगावला, मराठा पलटणीत. आमचे आबा दुसऱ्या वाटेने गेले. एका भावकीत एक भूमिगत आणि दुसरा खाकीत, असंही होतं. आयाबाया दोघांच्याही नावाने उपास धरत.

पहिल्या वाटेच्या माणसांना 1972 साली ताम्रपट मिळाले. मिळायलाच हवे होते. दुसऱ्या वाटेच्या माणसांचं काय करायचं, हे मात्र कुणाला उमगलं नाही. लढाई इंग्रजांची, पगार इंग्रजांचा, समोर जर्मन. 1945पर्यंत हिंदी फौज 25 लाखांच्या घरात गेली, आणि तीही सक्तीच्या भरतीशिवाय, याचं पुस्तकांतून मोठं कौतुक असतं. खटावसारख्या दुष्काळी मुलखात सक्तीला सरकार कशाला लागतं? दोन पावसाळे कोरडे गेले की पुरे. "का गेलात?" असं विचारलं की आबांचं उत्तर ठरलेलं असे: "सावकार दारात बसायचा. पलटणीत कपडा मिळायचा, घरी मनीऑर्डर यायची."

एवढ्या सरळ उत्तरावर आमच्या पिढीचं समाधान होत नाही. सैनिकांची मुलं जमली की कुणी बापाच्या नोकरीला देशभक्तीचा मुलामा देतो, कुणी फॅसिझमविरुद्धच्या लढ्याचं भाषण ठोकतो, आणि एखादा ओशाळून विषयच बदलतो. तिन्ही तऱ्हा मला सारख्याच खोट्या वाटतात. पोटासाठी गेलेला माणूस भित्रा नसतो आणि विकलेलाही नसतो, एवढं मान्य करायला आपल्याला इतकं जड का जावं?

आबांची जंगी पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत होती. हे डिव्हिजन सप्टेंबर 1943मध्ये टारांटोला उतरलं आणि पुढे दीड वर्ष एकेक नदी ओलांडत उत्तरेकडे सरकत राहिलं. सांग्रो त्यातली सुरुवातीची, सेनियो शेवटाकडची. सेनियोच्या दोन्ही काठांना मातीचे उंच बांध, त्या बांधांत जर्मनांच्या मशिनगन आणि भोवती पेरलेले सुरुंग. 9 एप्रिल 1945ला तिथे नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग एकट्याने मशिनगनची ठाणी गप्प केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते जिवंत घरी परतले. त्याआधी 10 जुलै 1944ला, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पडले. त्यांना तोच क्रॉस मरणोत्तर मिळाला. इटलीतल्या मोंटोने गावात 2023 साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं गेलं.

आबांच्या वाट्याला असलं काही आलं नाही. दारूगोळा आणि पाणी पुढे पोहोचवणाऱ्यांत ते होते. लढाई म्हणजे त्यांच्या लेखी चिखल, थंडी आणि खांद्यावरच्या पेट्या. पण सेनियोचा बांध त्यांच्या पायांत राहिला. नुकत्याच उकरलेल्या मातीवर ते पहिलं पाऊल टाकत नसत. शेतकऱ्याचं उकरलेल्या मातीवर पाऊल टाकल्यावाचून चालतं का? पाट फोडला, आळं केलं, बांध घातला, की ते कडेला उभे राहून खोऱ्याच्या दांड्याने माती दाबून बघत. मग गड्याच्या पावलावर पाऊल ठेवून पुढे जात. नांगरटीत बैल पुढे असत म्हणून निभावलं. गावात याला 'म्हातारबाचं सोवळं' म्हणत आणि हसत. आई मात्र न्याहारी घेऊन रानात आली, की काही न बोलता नव्या मातीवरून आधी स्वतः चालत जाई. नवऱ्याची लढाई तिने एवढ्यापुरती समजून घेतली होती, आणि मला वाटतं, आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली.

युद्ध संपल्यावर फौज कमी होऊ लागली आणि 1946ला आबा घरी आले. पेन्शनला पंधरा वर्षांची नोकरी लागते, त्यांची चार भरली होती. फार उशिरा, म्हातारपणी, दुसऱ्या महायुद्धातल्या बिनपेन्शनवाल्यांसाठीचं राज्य सरकारचं मानधन सुरू झालं. त्यासाठी हयातीचा दाखला घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात जावं लागे. तिथल्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून टोब्रूक, केरेन, कॅसिनो ही नावं औंध-म्हसवडइतक्या सहजपणे निघत. एसटीची वेळ झाली की बोलणं अर्धवट टाकून सगळे उठत. ते कुणी टिपून ठेवलं नाही. मराठीत लढायांच्या पोवाड्यांची परंपरा केवढी जुनी, पण या माणसांच्या वाट्याला एक चोपडंही नीटसं आलं नाही.

यंदा गावच्या वेशीवर माजी सैनिकांचा फलक लावायचं ठरलं. मजकुरावरून बैठकीत वाद झाला. एकाला सगळ्यांच्या नावांवर 'स्वातंत्र्यासाठी लढलेले' असं हवं होतं. ज्याचे आजोबा प्रतिसरकारात होते तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. मी एवढंच म्हटलं की विशेषण नको, पलटण, मुलूख आणि साल घाला. वाचणारा ठरवील काय ते. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी पेंटर म्हणाला, विशेषणं काढलीत तर अक्षरं मोठी करता येतील, लांबून वाचता येतील. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.