अंमल ओसरल्यावरचा धर्म

रेवदंड्याच्या कोटात आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि त्या वाड्यांतून वाट काढताना फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट अशा नानाविध संघांनी एके काळी मोठ्या दिमाखाने उभारलेल्या मठ-मंदिरांच्या, आता छप्पर हरवून बसलेल्या, भिंती दृष्टीस पडतात. त्यांतील एका मठाचा उंच मनोरा लोकांच्या तोंडी सातखणी बुरूज झाला आहे. कुंडलिकेच्या मुखापलीकडे, समुद्रात शिरलेल्या डोंगराच्या सोंडेवर, कोर्लईचा किल्ला आहे. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून जिंकला आणि वसईच्या पाडावानंतर 1740 च्या तहाने रेवदंडा-कोर्लईसह चौलचा मुलूख मराठ्यांकडे आला. फौज गेली, दप्तर गेले, फिरंगी शिक्का गेला. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी ख्रिस्ती रयत मात्र राहिली. आजही कोर्लईत माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च आहे, आणि घराघरांतून पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासातून घडलेली एक बोली ऐकू येते, जी बोलणारांची संख्या हजाराच्या आसपासच आहे.

ख्रिस्ती मनुष्याने चांगले जीवन जगणे म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार कोटाच्या आत बसून करणे आणि कोर्लईच्या ओसरीवर बसून करणे यांत फार अंतर आहे. कोटाच्या आत धर्म हा अंमलाचा सोबती होता. त्याच्या मागे तोफा होत्या, आणि 1560 मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनची दहशतही होती, जिचे समर्थन कोणत्याही प्रामाणिक ख्रिस्ती माणसाने करू नये, असे मला अगदी निःशंकपणे वाटते. ज्या धर्माचा संस्थापक स्वतः एका रोमन सुभेदाराच्या हुकुमाने क्रूसावर गेला, त्या धर्माने सुभेदाराच्या गादीशेजारी आसन मांडावे, ही विसंगती शब्दच्छल करून मिटणारी नव्हे. उलट ज्या दिवशी कोर्लईच्या रयतेला ख्रिस्ती राहण्यात कसलाही लाभ उरला नाही, शेजारी दुसऱ्या धर्माचे आणि राज्यही दुसऱ्या धर्माचे झाले, त्याच दिवसापासून तिची श्रद्धा तिची स्वतःची झाली. प्रार्थना करावी, शेतात राबावे, शेजाऱ्याशी सलोख्याने वागावे, एवढेच तिच्या हाती उरले. आणि येशूने सांगितलेल्या दृष्टांतातील शोमरोनी प्रवाशाने तरी जखमी वाटसरूसाठी याहून निराळे काय केले होते? त्याने त्याचा पंथ विचारला नाही. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला धर्मशाळेत नेले आणि खर्चाचे पैसे मालकाच्या हाती दिले.

लाभावाचून श्रद्धा जपण्याची ही कसोटी महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत खडतर रीतीने सोसली, त्यांत नारायण वामन टिळक आणि पंडिता रमाबाई यांची नावे घेतल्यावाचून राहवत नाही. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षांचा वियोग झाला. पुढे मिशनची चाकरी व तिची शाश्वती मिळाली, तीही 1917 मध्ये त्यांनी स्वेच्छेने सोडली, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दोन वर्षांतच त्यांचा देहान्त झाला. दरबाराचा विस्तार झाला नाही. पण त्यावरून त्या कृतीचे मोल ठरवणे मला मान्य नाही. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात अन्नान्न करीत मृत्यू पावले होते; म्हणूनच 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी, निराधार मुली पाहिल्यावर त्यांना स्वतःचेच दिवस आठवले असल्यास नवल नाही. त्यांनी त्या मुलींना आणून केडगावच्या मुक्तिसदनात आसरा दिला. तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, मुली विणकामासारखे हुन्नर शिकल्या. पांडित्याने दिपवणाऱ्या या विदुषीने आपली विद्या उपाशी पोरींच्या जेवणाच्या पंगतीत आणि बायबलचे साध्या बायकांना कळेल असे मराठी करण्यात खर्ची घातली.

तथापि थोरांची चरित्रे वाचून सद्गदित होणे सोपे असते. रायगडच्या या किनाऱ्यावर प्रश्न आजही शिल्लक आहे, आणि तो केवळ चर्चमधल्या उपासनेचा नाही. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. ती फेडता फेडता पुढचा पावसाळा येतो, आणि मुले शाळेऐवजी भट्टीच्या धुरात वाढतात. अलिबाग-मुरूडच्या वाटेवर वाड्या विकल्या जाऊन बंगले उठत आहेत, त्यांच्या विटा याच हातांनी थापलेल्या असतात. ज्याच्या घरात क्रूस टांगलेला आहे, त्याने आपल्या बंगल्याच्या विटा कोणाच्या उचलीतून आल्या हे ठेकेदाराला विचारावे. वाडीत गड्याला रोज देताना गावचा दर सांगून त्याला गप्प करू नये. आणि कातकऱ्याला पाणी देताना भांडे निराळे ठेवू नये. कोणी म्हणेल, ही सामान्य माणुसकी झाली, यात ख्रिस्ती काय आहे? माझे उत्तर असे की, येशूने न्यायाच्या दिवसाचे जे वर्णन केले, त्यात भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी आणि परक्याला आसरा यांचीच विचारणा आहे; त्या यादीत कोणाच्या मंदिराची उंची कोठेही मोजलेली नाही.